परदेशी विद्यार्थी घरी येतोय: पहिल्यांदा यजमान होणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी पहिल्या दिवसाची आखणी

कॉलेजच्या ग्रुपवर मेसेज पडतो. परदेशातला एक विद्यार्थी सेमिस्टरसाठी येतोय, कुणाकडे वरची खोली रिकामी आहे का? कोल्हापुरात अशा मेसेजला लगेच हात वर होतात आणि पाठोपाठ यादी सुरू होते. सकाळी अंबाबाई, मग मिसळ, मग न्यू पॅलेस, दुपारी तांबडा-पांढरा, उन्हं उतरली की पन्हाळा, येता येता जोतिबा, रात्री रंकाळ्यावर भेळ. पाहुणा मात्र दोन विमानं आणि एक रेल्वे बदलून आलेला असतो. आपण त्याला मिसळीच्या दुकानात बसवतो तेव्हा त्याच्या अंगाच्या घड्याळात रात्रीचे तीन वाजलेले असतात.

पहिल्यांदाच अशी जबाबदारी घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. घर देणारे काका-काकू असोत, विभागाने सोबतीला नेमलेला एम.ए.चा विद्यार्थी असो किंवा खोली भाड्याने देणारे घरमालक. पहिल्या दिवशी त्याला कोल्हापूर दाखवायच्या फंदात पडू नका. दुसऱ्या दिवशी तो एकटा घराबाहेर पडून विभागात जाऊन परत येऊ शकेल, एवढी तयारी करून दिलीत की पहिला दिवस पार पडला. पन्हाळा काही पळून जात नाही.

आठवडाभर आधी: पोर्टल आणि चार प्रश्न

परदेशी नागरिक तुमच्या घरी राहणार असेल, तर तो आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारच्या परदेशी नागरिकांसाठीच्या पोर्टलवर ऑनलाइन कळवणं यजमानावर बंधनकारक आहे. याला वर्षानुवर्षं ‘सी फॉर्म’ म्हणतात. हॉटेल, लॉज, वसतिगृह यांना हा नियम आहेच, पण साध्या घरालाही आहे, आणि नेमकी हीच गोष्ट घरगुती यजमानांना ठाऊक नसते. ‘आम्ही काय हॉटेल चालवतोय का?’ हा प्रश्न मनात येणं साहजिक आहे, पण पोलिसांना त्याचं उत्तर देत बसण्यापेक्षा पोर्टलवर आधीच खातं उघडून ठेवलेलं बरं. पाहुणा दारात उभा असताना घरमालकाचं आधार, घराचा पत्ता, पासवर्ड असलं सगळं भरायला बसू नका. विभागातल्या ज्या व्यक्तीकडे परदेशी विद्यार्थ्यांचं काम आहे, तिला फोन करून ‘तुमच्याकडून काय कळवलं जातं आणि आमच्याकडून काय जायला हवं’ हे विचारून घ्या. संस्थेलाही स्वतंत्रपणे माहिती द्यावी लागते. त्यांनी भरलं म्हणजे तुमचं झालं, असं समजू नका.

मग विद्यार्थ्यालाच मेसेज करून चार गोष्टी विचारा.

पहिली, कशाची अॅलर्जी आहे का. हा प्रश्न आपल्याकडे पाहुण्याला कुणी विचारत नाही, पण इथे तो सगळ्यात महत्त्वाचा. युरोप-अमेरिकेत शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असणारे लोक बऱ्यापैकी भेटतात, आणि आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे नसतं ते सांगा. भरल्या वांग्यात, कोशिंबिरीत, पालेभाजीत, साबुदाण्याच्या खिचडीत, चटणीत आहेच. शिवाय फोडणीला शेंगतेल. अॅलर्जी खरी असेल तर ‘थोडंसंच घातलंय’ हे चालत नाही. थोड्यानेही श्वास अडकू शकतो.

दुसरी, तो काय खातो आणि काय खात नाही. तिसरी, रोजची औषधं कुठली आहेत. ती मूळ पाकिटात आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह आणायला सांगा. चौथी, सामान किती. आंतरराष्ट्रीय विमानात त्याला तेवीस किलोच्या एक-दोन बॅगा चालतात, देशांतर्गत विमानात मात्र साधारण पंधरा किलोच फुकट नेता येतात. मुंबईच्या काउंटरवर हे कळलं की बिचाऱ्याचा पहिला पगारच जातो, पगार असलाच तर.

हे विचारता विचारताच सांगून टाका की ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे, आणि उपग्रहावर चालणारा फोन किंवा ट्रेकिंगचा तसला मेसेंजर परवानगीशिवाय आणता येत नाही. सह्याद्रीत भटकायचं मनात धरून येणाऱ्या पोरांच्या सॅकमध्ये असली यंत्रं असतात, आणि त्यावरून विमानतळावर मोठी अडचण होऊ शकते.

कसा येणार ते ठरवा

बहुतेक जण मुंबईला उतरतात. तिथून पुढे तीन रस्ते. माझी पसंती महालक्ष्मी एक्स्प्रेसला आहे. रात्री सीएसएमटीहून निघते आणि सकाळी कोल्हापुरात सोडते. वातानुकूलित डब्यात खालचा बर्थ काढून द्या. तिकिटावर ओळखपत्र म्हणून पासपोर्ट चालतो. नवख्यासाठी या गाडीची सगळ्यात मोठी सोय म्हणजे कोल्हापूर शेवटचं स्टेशन आहे. झोप लागली तरी गाडी त्याला पुढे घेऊन जाणार नाही. पाटीवर ‘छत्रपती शाहू महाराज टर्मिनस’ असं नाव दिसेल, हे आधी सांगा, नाहीतर तो ‘कोल्हापूर’ एवढंच शोधत बसेल.

विमानाने उजळाईवाडीला येणार असेल तर उत्तम, पण मुंबईत दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवायला सांगा. तिथे आंतरराष्ट्रीय टर्मिनलवर उतरून इमिग्रेशन, सामान, कस्टम्स हे सगळं करून पुन्हा नव्याने चेक-इन करायचं असतं.

रात्रीची खासगी स्लीपर बस हा माझ्या मते नवख्यासाठी शेवटचा पर्याय. बस पहाटे अंधारात तावडे हॉटेलला सोडते. आता तावडे हॉटेल म्हणजे हायवेवरचा फाटा हे आपल्याला माहीत. तो बिचारा खोली मिळेल म्हणून हॉटेल शोधायला लागेल.

जुलै-ऑगस्टमध्ये येणार असेल तर पंचगंगेकडे लक्ष ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. पाऊस तसाच लागला असेल तर पाहुण्याची पुण्यात दोन रात्रींची सोय कुणाकडे होईल ते आधीच विचारून ठेवा.

खोली

चादरी-पडद्यांची काळजी तुम्ही घ्यालच. लक्षात राहत नाहीत त्या गोष्टी वेगळ्या आहेत.

आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला वेगळं बटण असतं. बऱ्याच देशांत प्लग खुपसला की वीज सुरू. त्यामुळे पाहुणा रात्रभर फोन लावून ठेवतो आणि सकाळी बॅटरी शून्यावर. बटण दाबून दाखवा. आपली वीज २३० व्होल्टची. अमेरिका आणि जपानमधून येणाऱ्यांची घरची वीज त्याच्या निम्म्याच्या आसपास. फोन-लॅपटॉपचे चार्जर दोन्हीवर चालतात, पण तिकडून आणलेला हेअर ड्रायर लावला तर धूर निघेल. एखादा मल्टिप्लग अडॅप्टर आणून ठेवा.

गिझरचं बटण कुठलं, किती वेळ आधी लावायचं, बादली-मग कशासाठी, हे दाखवायला लाजू नका. संडासात टॉयलेट पेपर ठेवा आणि तो टाकायला झाकणाची बादलीही. डासांची कॉइल किंवा लिक्विड मशीन हवंच. पाण्याचा भरलेला जग खोलीतच ठेवा, फिल्टरचं किंवा उकळून गार केलेलं, आणि ‘नळाचं पाणी दात घासायलाही नको’ हे पहिले काही दिवस तरी पाळायला सांगा. वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. घराची एक किल्ली वेगळी काढून द्या. किल्ली हातात आली की माणूस पाहुणा राहत नाही, आणि दर वेळी दार उघडायला काकूंना उठावं लागत नाही.

उतरवून घेताना

स्टेशनवर एकाने किंवा दोघांनी जा. जीप भरून, हार-फेटा घेऊन जायची हौस आपल्याला असते. फेटा बांधायचाच असेल तर तो विभागाच्या स्वागत समारंभात बांधा. रात्रभर प्रवास केलेल्या, तोंड न धुतलेल्या माणसाला वीस अनोळखी लोकांसोबत फोटो काढून घेणं अवघड जातं.

कागदावर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून न्या. त्याने पाठवलेल्या स्पेलिंगमध्येच लिहा. हात पुढे केला तर हात मिळवा, नाहीतर नमस्कार पुरेसा. सामान मोजून घ्या. अॅक्टिवावर पुढे एक बॅग, मागे पाहुणा आणि त्याच्या मांडीवर दुसरी बॅग, हे करू नका. रिक्षा करा किंवा शेजाऱ्याची गाडी मागा. गाडीत बसताच त्याला तुमच्या फोनचा हॉटस्पॉट द्या आणि घरी ‘पोहोचलो’ एवढं कळवू द्या. तिकडे आई-वडील जागे असतात.

घरी आल्यावर पहिले दोन तास

अंघोळ, थोडा चहा-नाश्ता, कागद, झोप, याच क्रमाने. कागद झोपेच्या आधी का, तर एकदा झोपला की उठायला दुपार होते, आणि चोवीस तासांचं घड्याळ त्याने दार ओलांडल्यापासून चालू असतं.

पासपोर्टचं फोटोचं पान, व्हिसा आणि मुंबईला मारलेला आगमनाचा शिक्का, तिन्हींचे स्वच्छ फोटो काढा आणि पोर्टलवर माहिती भरून टाका. नाव पासपोर्टवर जसंच्या तसं. आडनाव आधी की नंतर, यात आपली गडबड होते. पासपोर्टवर ज्या रकान्यात जे आहे, तेच त्या रकान्यात भरा. पावती मिळाली की एक प्रत त्याला पाठवा, एक तुमच्याकडे ठेवा.

व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आणखी एक काम आहे. आल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइनच होतो, आणि जिल्ह्यात ही जबाबदारी पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते. हे काम पहिल्या दिवशी उरकायचं नाही, पण लागणारे कागद एका फाइलमध्ये आजच घाला: पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती, प्रवेशाचं पत्र किंवा बोनाफाईड, पासपोर्ट साइझ फोटो, आणि राहण्याचा पुरावा म्हणून तुमचं लाइट बिल व सहीचं पत्र. एक-दोन महिन्यांसाठी येणाऱ्यांना ही नोंदणी सहसा लागत नाही. काही देशांच्या नागरिकांना नियम वेगळे असतात, ते संस्थेकडून विचारून घ्या.

मूळ पासपोर्ट त्याच्याच ताब्यात राहू द्या. ‘आमच्या कपाटात सुरक्षित राहील’ हे आपण प्रेमाने म्हणतो, पण समोरच्याला त्याची भीती वाटू शकते.

आता झोप. जर्मनी-फ्रान्सचा विद्यार्थी असेल तर फरक उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा. तो लवकर रुळतो. न्यूयॉर्ककडचा असेल तर साडेनऊ ते साडेदहा तास, म्हणजे दिवसाची रात्रच. दोन-तीन तास झोपू द्या, मग उठवा. दया येईल, तरी उठवा. संध्याकाळपर्यंत झोपला तर रात्री टक्क जागा राहणार आणि पुढचे चार दिवस वाया जाणार. जागं करायचा उत्तम उपाय म्हणजे गच्चीवरचं ऊन.

या वेळात नातेवाईक ‘बघायला’ येणार असतील तर त्यांना उद्याची वेळ द्या.

दुपारचं जेवण

आता खरा अवघड भाग. कोल्हापूरकराला परीक्षेत नापास होणं चालतं, पाहुणा उपाशी उठलेला चालत नाही. पहिल्या दिवशी या स्वभावाला आवर घालायला लागतो.

पहिलं जेवण साधं ठेवा. वरण-भात, वर तूप आणि लिंबू, चपाती, बटाट्याची भाजी, घरचं दही. कांदा-लसूण चटणीचा डबा ताटाजवळ ठेवा, ताटात वाढू नका. हवी तर तो चाखेल. ‘थोडंच तिखट आहे’ हे आपलं वाक्य बाहेरच्या माणसासाठी निरर्थक आहे. आपलं थोडं आणि त्याचं थोडं यात अख्खा सह्याद्री आडवा आहे.

चमचा द्या. हाताने जेवायची त्याची इच्छा असेल तर उजव्या हाताने घास कसा करायचा ते दाखवा, पण सगळ्या घराने बघत उभं राहू नका. आणि ‘बास’ हा शब्द त्याला जेवणाआधीच शिकवा. त्याने ‘बास’ म्हटलं की आग्रह थांबवायचा, असा घरात ठराव करा. त्याच्या देशात कदाचित ताटात टाकणं उद्धटपणाचं मानत असतील. मग आपण वाढत राहतो आणि तो सभ्यपणे संपवत राहतो. संध्याकाळी पोट धरून बसतो.

तांबडा-पांढरा तिसऱ्या-चौथ्या दिवशी. त्यातही पांढऱ्या रश्श्याबद्दल एक इशारा. शाकाहारी पाहुण्याला तो रंगावरून दुधाचा किंवा नारळाचा वाटतो. नारळाचं दूध त्यात असतंच, पण खाली मटणाचं पाणी असतं. आपल्याला हे सांगायची गरजच वाटत नाही, म्हणूनच ते सांगायचं राहून जातं. वीगन म्हणून येणाऱ्यांना दूध, दही, तूपही चालत नाही. त्यांना आपली भाकरी, पिठलं, उसळ, आमटी फार सोयीची पडते. फक्त वरून तुपाची धार सोडू नका.

मिसळ दुसऱ्या दिवशी चालेल, कट वेगळ्या वाटीत मागवून. लोणी डोसा हा मधला मार्ग. तो पहिल्या दिवशीही बहुतेकांना झेपतो. उसाचा रस, बर्फाचा गोळा, कापून ठेवलेली फळं पहिले काही दिवस टाळा. आणि धारोष्ण दूध! संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळता पेला हातात देतात. हे दृश्य त्याला जरूर दाखवा, फोटोही काढू द्या. पण ते न तापवलेलं दूध आहे. ज्या पोटाने आयुष्यभर पाश्चराइज्ड पिशवीतलं दूध पचवलं, त्याला पहिल्याच दिवशी ही परीक्षा नको.

ओआरएसची चार पाकिटं घरात ठेवा. पोट बिघडलं तर घरगुती काढ्याआधी ते द्या. ताप आला किंवा रक्त पडलं तर थेट डॉक्टर.

दुपारनंतर: सिम आणि पैसे

सिमसाठी चौकातल्या छत्रीखालच्या स्टॉलवर जाऊ नका. कंपनीच्या मोठ्या दालनात जा. परदेशी नागरिकाला पासपोर्ट आणि व्हिसा दाखवावा लागतो, फोटो काढतात, आणि स्थानिक संपर्क म्हणून तुमचा नंबर मागू शकतात. त्यावर ओटीपी येऊ शकतो, म्हणून तुम्ही सोबत असलेलं बरं. सिम लगेच सुरू होईलच असं नाही. तोवर चालवायला त्याने निघण्यापूर्वीच प्रवासी ई-सिम घेतलेलं असेल तर बरं. ‘राहू दे रे, माझ्या नावावर एक काढून देतो’ हा कोल्हापुरी मोठेपणा मात्र नको. तुमच्या नावावरच्या सिमची कायदेशीर जबाबदारी तुमची असते.

पैशांचं म्हणाल तर त्याच्याकडे कार्ड असतं, आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे क्यूआर कोड. त्याचं बँक खातं इथे नाही, त्यामुळे आपल्यासारखं यूपीआय त्याला चालत नाही. परदेशी पाहुण्यांसाठी ‘यूपीआय वन वर्ल्ड’ नावाचं आधी पैसे भरून वापरायचं पाकीट आहे. मुंबईत उतरल्यावर त्याची चौकशी करायला आधीच सांगा. नाही जमलं तर एटीएम. नोटा बहुतेक पाचशेच्या निघतात, म्हणून तुमच्याकडच्या दहा-वीस-पन्नासच्या नोटा त्याला बदलून द्या. पहिल्या आठवड्यात रिक्षाला सुटे पैसे असणं फार उपयोगाचं असतं.

त्याच्यासाठी सतत तुम्हीच पैसे देत बसू नका. एक-दोन दिवस ठीक आहे. पुढे त्याला संकोच वाटायला लागतो आणि तो बाहेर पडणंच टाळतो.

विभागाची वाट

शिवाजी विद्यापीठात येणार असेल तर त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, एक फेरी मारा. १९६२ साली सुरू झालेलं हे विद्यापीठ शहराच्या पूर्वेला एका मोकळ्या माळावर पसरलंय, आणि आवार इतकं मोठं आहे की ‘लायब्ररीच्या मागे’ एवढ्या पत्त्यावर माणूस अर्धा तास हिंडतो. मुख्य इमारतीसमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा ही खूण धरायला सांगा, आणि तिथून त्याचा विभाग, बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय, कॅन्टीन आणि जवळची स्वच्छ मुतारी एवढंच दाखवा. बाकीचं तो हिंडून शोधेल. दुसऱ्या कॉलेजात असेल तर तिथेही हेच चार टप्पे.

महत्त्वाचं म्हणजे जाताना तुम्ही न्या, येताना त्याला पुढे घालून आणा. रिक्षा त्याने थांबवायची, ठिकाण त्याने सांगायचं, तुम्ही मागे गप्प बसायचं. केएमटीची बस घेणार असाल तर पाटी मराठीत असते, म्हणून त्याच्या मार्गाचा आकडा मराठी अंकांत लिहून द्या. एक ते दहा अंक ओळखायला त्याला पंधरा मिनिटं लागतील.

आपले पत्ते नकाशातल्या पत्त्यांसारखे नसतात, हेही सांगावं लागतं. कुणी कावळा नाका म्हणेल, कुणी ताराराणी चौक, जागा एकच. सायबर चौकात कॉम्प्युटरचा बाजार नाही, तिथल्या संस्थेच्या नावावरून चौकाला ते नाव पडलंय. मिरजकर तिकटी आणि पापाची तिकटी वेगवेगळ्या. ‘शिवाजी’ म्हटल्यावर चौक, पूल, पेठ, विद्यापीठ यांपैकी कुठलं ते रिक्षावाला विचारणारच. म्हणून तुमच्या घराजवळची एक खूण पक्की करा, जी रिक्षावाल्याला हमखास कळेल, आणि तीच त्याच्याकडून चार वेळा म्हणून घ्या. मराठीत लिहिलेली चिठ्ठीही खिशात द्या. फोन बंद पडला तरी चिठ्ठी चालते.

मुलगी असेल तर रात्री उशिरा परतायची वेळ आल्यास कुणाला फोन करायचा, हे पहिल्याच दिवशी ठरवा. पण ‘सातच्या आत घरात’ असली बंधनं तिच्यावर लादू नका. कुठला रस्ता रात्री ओस पडतो, कुठे वर्दळ असते, ही माहिती द्या आणि निर्णय तिच्यावर सोडा.

गाडीची किल्ली मात्र कुणालाच नाही. आंतरराष्ट्रीय परवाना नसताना त्याने तुमची अॅक्टिवा चालवली आणि काही झालं, तर विम्यापासून पोलिसांपर्यंत सगळं तुमच्या अंगावर येतं. शिवाय तो डावीकडून चालणाऱ्या रहदारीला सरावलेला नसेल, तर दसरा चौकात पहिला धडा घेऊ नये. रस्ता ओलांडतानाही आधी उजवीकडे बघायचं, हे हात धरून शिकवा.

संध्याकाळ: एकच जागा

यादीतली एक गोष्ट निवडा. माझं मत रंकाळ्याला. चालायला मोकळी जागा, वारा, समोर शालिनी पॅलेस, बसायला कट्टा, आणि कंटाळा आला की पाच मिनिटांत घरी. अंबाबाईच्या देवळात गर्दी, रांग, चपला सोडणं, गाभाऱ्यात फोटो न काढणं, हे सगळं समजून घ्यायला ताजं डोकं लागतं. ते उद्या-परवा पहाटे करा, नवरात्र असेल तर नवरात्रानंतर.

कट्ट्यावर बसल्यावर काय बोलायचं, असा प्रश्न पडेल. त्याच्या शहराचं विचारा, आणि तुमच्या शहराचं असं काही सांगा जे त्याला त्याच्याशी जोडता येईल. पाहुणा इटलीचा असेल तर सोपं आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले होते. परतताना फ्लॉरेन्समध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. तिथे आर्नो नदीकाठी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, आणि आजही तिथल्या बागेत त्यांची छत्री उभी आहे. फ्लॉरेन्सची मुलं तिथल्या जवळच्या पुलाला ‘इंडियानो’ म्हणून ओळखतात, पण तो इंडियन कोल्हापूरचा होता हे फार थोड्यांना माहीत असतं.

इतर कुठल्याही देशाचा असला तरी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बाहेरगावच्या पोरांना शिकायला राहता यावं म्हणून शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. दसरा चौकाच्या आसपास ती बोर्डिंगं आजही दिसतात. परक्या पोराला ठेवून घेण्याची सवय या गावाला जुनी आहे, आणि ते ऐकून त्याला जरा हायसं वाटतं.

भेळ खायची असेल तर कमी तिखट सांगा. आठच्या आत घरी. जेवण हलकं, दूध-भात किंवा खिचडी.

झोपण्यापूर्वी दहा मिनिटं

त्याच्या नव्या फोनमध्ये हे नंबर तुमच्या समोर घालून घ्या: तुमचा, घरातल्या आणखी एकाचा, विभागातल्या एका सोबत्याचा, त्याच्या देशाच्या वकिलातीचा, आणीबाणीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. सरकारी मोठं रुग्णालय म्हणजे सीपीआर, हे नाव पाठ करून घ्या. प्रवास विम्याचा कागद कुठे आहे ते त्यालाच विचारा. बऱ्याच जणांना ते ठाऊक नसतं, आणि शोधायला लागतात तेव्हा तो आईच्या ईमेलमध्ये सापडतो.

घरात कुणाला काय म्हणायचं हेही सांगा. काका, काकू, दादा, ताई, आजी. विभागात सर आणि मॅडम. नावाने हाक मारायची सवय असलेल्यांना हे गमतीचं वाटतं, पण एकदा ‘काकू’ म्हणायला लागला की स्वयंपाकघरात त्याचं काम होतं. मान डोलावून दिलेला होकार बाहेरच्यांना नकारासारखा दिसतो. पहिले काही दिवस ‘हो’ आणि ‘नको’ तोंडाने म्हणा.

रात्री दोन-तीन वाजता तो जागा होणार, हे गृहीत धरा. खोलीत पाणी, केळी आणि बिस्किटांचा पुडा ठेवा. वरून पावलांचा आवाज आला तर चोर समजून काठी घेऊन जाऊ नका.

शेवटचं काम दुसऱ्या सकाळचं. किती वाजता निघायचं, तुम्ही फक्त दारापर्यंत सोडणार की रिक्षापर्यंत, विभागात त्याला कोण भेटणार आणि दुपारचा डबा न्यायचा की नाही, हे चार मुद्दे एका मेसेजमध्ये लिहून त्याला पाठवा. तोच मेसेज विभागातल्या सोबत्यालाही पाठवा. तो पोहोचला की दोघांपैकी कुणीतरी ‘पोहोचला’ एवढं कळवेल.